सेफ्ट्रायॲक्सोनचे इंजेक्शन सुरक्षितपणे देताना: नव्या परिचारिकांसाठी मार्गदर्शक

सेफ्ट्रायॲक्सोनच्या १ ग्रॅमच्या व्हायलच्या तळाशी पांढरट-पिवळसर पावडरीचा थर असतो, आणि वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेच्या हाती पहिल्याच आठवड्यात जी औषधे पडतात त्यांत ही व्हायल हमखास असते. रोज दहा-बारा रुग्णांना तेच औषध देऊ लागले की हात सरावतात आणि नजर सैल होते. या औषधाबाबतच्या ज्या चुका मी पाहिल्या, आणि एक स्वतः केली, त्यांतील बहुतेक सुई टोचताना झालेल्या नव्हत्या. त्या आधीच्या दहा मिनिटांत झाल्या होत्या. म्हणून या लेखात सुई टोचण्यापूर्वीच्या कामालाच जास्त जागा दिली आहे.

डॉक्टरांच्या लेखी आदेशानुसार, तातडीच्या उपचारांची सोय असलेल्या ठिकाणी इंजेक्शन देणाऱ्यांसाठी हे लिहिले आहे; घरी स्वतःच्या मनाने औषध घेण्यासाठी किंवा देण्यासाठी नाही. मात्रांचे जे आकडे पुढे येतात ते हिशेब समजावा म्हणून आहेत. प्रत्यक्ष काम करताना व्हायलसोबतचे माहितीपत्रक आणि आपल्या रुग्णालयाची कार्यपद्धती हेच प्रमाण मानावे, कारण उत्पादकागणिक पाण्याचे प्रमाणही थोडे बदलते.

औषधाची थोडी ओळख

सेफ्ट्रायॲक्सोन हे तिसऱ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिन (अँटिबायोटिक औषधांच्या एका गटातले औषध) आहे. जिवाणू आपल्या पेशीभोवती जी भिंत बांधतात, ते बांधकाम हे औषध थांबवते आणि त्यामुळे जिवाणू फुटून मरतात. आपल्या पेशींना अशी भिंतच नसल्यामुळे त्या या माऱ्यातून सुटतात. विषाणूंनाही ती नसते, म्हणून साध्या सर्दीत किंवा विषाणूजन्य तापात या इंजेक्शनाचा काडीचाही उपयोग होत नाही. तोंडावाटे दिल्यास हे औषध आतड्यातून रक्तात शोषले जात नाही, त्यामुळे ते शिरेतून किंवा स्नायूतूनच द्यावे लागते. प्रौढांच्या शरीरात त्याची निम्मी मात्रा कमी व्हायला साधारण ६ ते ९ तास लागतात, आणि म्हणूनच बहुतेक संसर्गांत दिवसातून एकदा डोस पुरतो.

न्यूमोनिया, मूत्रपिंडाचा संसर्ग, टायफॉइड, मेंदूज्वर अशा अनेक आजारांत ते उपयोगी पडते. मात्र ते सर्वांवर चालते हा समज चुकीचा आहे. स्यूडोमोनास, एन्टेरोकॉकस आणि मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस या जिवाणूंवर त्याचा भरवसा धरता येत नाही. रुग्णाचे नातेवाईक ‘मोठे इंजेक्शन सुरू आहे ना, मग ताप का उतरत नाही’ असे विचारतात, तेव्हा उत्तर बऱ्याचदा याच यादीत दडलेले असते.

पायरी पहिली: आदेश वाचणे

केसपेपरवर औषधाचे नाव, मात्रा, मार्ग, वेळ आणि किती दिवस द्यायचे या पाचही गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. सेफोटॅक्सिम, सेफ्टाझिडिम आणि सेफ्ट्रायॲक्सोन ही नावे घाईत लिहिलेल्या अक्षरांत एकमेकांसारखी दिसतात, आणि कपाटातही ती शेजारी-शेजारी ठेवलेली असतात. अक्षर लागत नसेल तर अंदाज न बांधता विचारावे. विचारल्याने कुणाचाही मान कमी होत नाही. फोनवरून दिलेला आदेश लिहून घ्यावा, तो मोठ्याने वाचून दाखवावा आणि डॉक्टरांची सही नंतर आठवणीने घ्यावी.

प्रौढांचा नेहमीचा डोस १ ते २ ग्रॅम, दिवसातून एकदा असा असतो. मेंदूज्वरात तो २ ग्रॅम, दर १२ तासांनी असा दिला जातो, म्हणजे दिवसाला ४ ग्रॅम. यापलीकडचा आकडा दिसला तर थांबून खात्री करून घ्यावी. मुलांचा डोस वजनावर ठरतो, म्हणून मुलाचे वजन त्याच दिवशी काट्यावर करावे. आईने अंदाजाने सांगितलेले वजन हिशेबाला घेऊ नये.

नवजात बाळाच्या बाबतीत मात्र आदेश लिहिलेला असला तरी दोनदा विचार करावा. हे औषध रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनावर बसलेल्या बिलिरुबिनला (कावीळ आणणाऱ्या पिवळ्या द्रव्याला) ढकलून मोकळे करते, त्यामुळे कावीळ असलेल्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ते देत नाहीत. २८ दिवसांपर्यंतच्या ज्या बाळाला शिरेतून कॅल्शियम चालू आहे किंवा लागणार आहे, त्यालाही ते वर्ज्य आहे. अशा बाळांच्या फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत कॅल्शियमसह औषधाचा साका बसून मृत्यू झाल्याची नोंद आहे.

पायरी दुसरी: ॲलर्जीची विचारपूस

‘तुम्हाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का?’ या प्रश्नाला निम्मे रुग्ण ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांना तो शब्दच नीट उमगलेला नसतो. त्याऐवजी असे विचारावे: ‘याआधी कधी इंजेक्शन किंवा गोळी घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या होत्या का, ओठ-डोळे सुजले होते का, धाप लागली होती का, चक्कर येऊन पडला होतात का?’ असे विचारले की लोक आठवून सांगतात. कोणते औषध होते, घेतल्यावर किती वेळाने त्रास झाला आणि त्यासाठी दवाखान्यात राहावे लागले का, हेही लिहून ठेवावे.

पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचे सांगणाऱ्यांची संख्या मोठी असते, पण रीतसर तपासणी केली तर त्यांतील दहापैकी सुमारे नऊ जणांना ती नसते. कुणाला केवळ मळमळ झालेली असते, तर कुणाला लहानपणी तापातले पुरळ आलेले असते. पेनिसिलिन आणि सेफ्ट्रायॲक्सोन यांची बाजूची रासायनिक साखळी वेगळी असल्यामुळे एकाची ॲलर्जी दुसऱ्याला लागू होण्याची शक्यताही कमीच आहे. तरीही पेनिसिलिनने धाप लागल्याचे किंवा रक्तदाब कोसळल्याचे कुणी सांगितले, तर औषध भरण्याआधी डॉक्टरांना कळवावे आणि निर्णय त्यांच्यावर सोपवावा. सेफॅलोस्पोरिन गटातील औषधानेच पूर्वी तीव्र रिॲक्शन आलेली असेल, तर व्हायल उघडूच नये.

इथे त्वचेतल्या टेस्ट डोसबद्दल थोडे लिहायला हवे. हाताच्या त्वचेत थोडेसे औषध टोचून पंधरा-वीस मिनिटांनी फोड उठला का ते पाहण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. ज्याला ॲलर्जीचा काही इतिहासच नाही, अशा रुग्णात सेफॅलोस्पोरिनची ही चाचणी पुढे रिॲक्शन येईल की नाही हे भरवशाने सांगू शकत नाही. रुग्णालयाचा नियम असेल तर चाचणी जरूर करावी, पण तिचा निकाल निर्धोक आला म्हणून रुग्णापासून दूर जाण्याची मुभा मिळत नाही. माझ्या मते या चाचणीचा खरा तोटा हाच आहे: ती हातातली सावधगिरी काढून घेते.

ॲलर्जीसोबत आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. रुग्ण रक्त पातळ करणारे वॉर्फरिन घेत असेल तर त्याचा परिणाम या औषधाने वाढू शकतो. आणि पूर्वी अँटिबायोटिक घेतल्यावर रक्तमिश्रित किंवा न थांबणारे जुलाब झाले असतील, तर तेही डॉक्टरांना माहीत असायला हवे.

पायरी तिसरी: नमुने आधी, औषध नंतर

रक्ताचे किंवा लघवीचे कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) सांगितलेले असेल तर नमुना पहिल्या डोसच्या आधी घ्यावा. एकदा औषध रक्तात गेले की बाटलीत जंतू वाढण्याची शक्यता घटते आणि कोणत्या जंतूशी लढतो आहोत हे कळायचे राहून जाते. मात्र रुग्ण सेप्सिसमध्ये असेल (म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागले असतील), रक्तदाब घसरत असेल, तर शीर मिळत नाही म्हणून नमुन्यासाठी डोस रखडवू नये. तिथे पहिला डोस तासाभरात जाणे महत्त्वाचे असते.

पायरी चौथी: औषध तयार करणे

हात साबणाने किंवा अल्कोहोल रबने नीट स्वच्छ करावेत. टेबल पुसून मोकळे करावे आणि एका वेळी एकाच रुग्णाचे औषध भरावे. चार सिरिंज एकदम भरून ट्रेमध्ये ओळीने मांडण्याची सवय लागली की अदलाबदल होणे ठरलेलेच असते. व्हायलवरचे नाव, ताकद आणि मुदतीची तारीख वाचावी. झाकणाखालचे रबर निर्जंतुक असते असे गृहीत धरू नये. ते ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने घासून पुसावे आणि आपोआप वाळू द्यावे. ओल्या रबरातून सुई घालणे म्हणजे पुसण्याचे श्रम वाया घालवणे होय.

शिरेतून द्यायचे असल्यास १ ग्रॅमच्या व्हायलमध्ये साधारण १० मिली निर्जंतुक पाणी घालतात. पाणी काठाने सोडावे आणि पावडर पूर्ण विरेपर्यंत व्हायल तळहातांमध्ये हलकेच फिरवावी. जोरात हलवल्यास फेस येतो आणि मग मात्रा अचूक ओढता येत नाही. तयार द्रावण फिकट पिवळ्यापासून अंबर रंगापर्यंत कसलेही असू शकते आणि तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. ते गढूळ दिसले, त्यात कण तरंगताना दिसले, तर मात्र व्हायल टाकून द्यावी.

पूर्ण व्हायल द्यायची असते तेव्हा पाणी थोडे कमी-जास्त झाल्याने मात्रा बदलत नाही. मुलांना अर्धवट व्हायल द्यायची असते, तिथे मात्र पावडरही जागा व्यापते हे ध्यानात घ्यावे लागते. १० मिली पाणी घातले की द्रावण १० मिलीपेक्षा थोडे जास्त भरते. म्हणूनच काही माहितीपत्रकांत ९.६ मिली पाणी घालायला सांगितलेले असते, म्हणजे प्रत्येक मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम औषध येते. समजा, मुलाचे वजन १२ किलो आहे आणि आदेश किलोमागे ५० मिलिग्रॅमचा आहे. १२ गुणिले ५० म्हणजे ६०० मिलिग्रॅम, आणि १०० ला १ मिली या हिशेबाने ६ मिली. हा हिशेब कागदावर मांडावा आणि दुसऱ्या परिचारिकेला स्वतंत्रपणे करायला सांगावा. आपले उत्तर तिला आधीच सांगितले तर ती तेच बरोबर आहे म्हणून मान डोलावते, असा माझा अनुभव आहे. मुलांत किलोमागे ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून मोठा डोस सलाइनमध्ये मिसळून सावकाश देतात, तेव्हा हे ६ मिली पुढे ड्रिपमध्ये जातील.

स्नायूत द्यायचे असल्यास दुखणे कमी व्हावे म्हणून पाण्याऐवजी १ टक्का लिडोकेन (जागा बधिर करणारे औषध) वापरतात. १ ग्रॅमसाठी साधारण ३.५ मिली. लिडोकेनमध्ये विरघळवलेले हे द्रावण चुकूनही शिरेत जाता कामा नये, कारण त्याने हृदयाची लय बिघडू शकते. अशा सिरिंजवर तिथल्या तिथे ‘फक्त स्नायूत’ अशी चिठ्ठी चिकटवावी. ज्याला लिडोकेनची ॲलर्जी आहे किंवा हृदयाच्या विद्युतवहनात अडथळा आहे, त्याला ते वापरू नये.

औषध तयार झाले की शक्यतो लगेच द्यावे. पाण्यात विरघळवलेले औषध नेहमीच्या तापमानाला सुमारे ६ तास आणि फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर सुमारे २४ तास टिकते, असे माहितीपत्रकांत असते. पण उरलेले औषध दुसऱ्या रुग्णासाठी जपून ठेवणे हा त्याचा अर्थ नव्हे. एक सुई, एक सिरिंज, एकच वापर. सुई बदलून तीच सिरिंज दुसऱ्याला वापरणेही तितकेच धोक्याचे आहे, कारण रक्ताचा अंश सिरिंजमध्येही ओढला जातो.

पायरी पाचवी: नळीत आधी काय आहे ते पाहणे

माझी चूक इथलीच. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका प्रौढ रुग्णाला रिंगर लॅक्टेट (शिरेतून द्यायचे क्षारयुक्त द्रावण) चालू होते. मी ड्रिप थांबवली, नळीतल्या रबरी तोंडातून सेफ्ट्रायॲक्सोन ढकलायला सुरुवात केली आणि पाहता पाहता नळीतले स्वच्छ पाणी ताकासारखे पांढुरके झाले. रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम असते आणि ते सेफ्ट्रायॲक्सोनशी मिळून न विरघळणारा साका तयार करते, हे मला परीक्षेपुरते पाठ होते. शेजारच्या ज्येष्ठ सिस्टरांनी माझ्या आधी नळी चिमटीत दाबली, पूर्ण सेट काढून टाकला आणि कॅन्युलाही (शिरेत बसवलेली बारीक नळी) बदलली. रुग्णाला काही झाले नाही. त्या दिवसापासून औषध घेऊन खाटेजवळ गेल्यावर मी आधी वर टांगलेल्या बाटलीचे लेबल वाचते.

रिंगर लॅक्टेट, हार्टमन द्रावण किंवा कॅल्शियम ग्लुकोनेट यांपैकी काहीही चालू असेल, तर ते आणि सेफ्ट्रायॲक्सोन एकाच वेळी देऊ नये, दुसऱ्या हातातल्या कॅन्युलातूनसुद्धा नाही. प्रौढ आणि मोठ्या मुलांमध्ये ती एकापाठोपाठ एक देता येतात, पण मध्ये नळी नॉर्मल सलाइनने पूर्ण फ्लश करावी, म्हणजे धुऊन काढावी लागते. मिसळण्यासाठी नॉर्मल सलाइन किंवा ५ टक्के डेक्स्ट्रोज चालते. व्हॅन्कोमायसिन, जेंटामायसिन आणि त्या गटातील इतर औषधे याच्यासोबत एका सिरिंजमध्ये किंवा एका बाटलीत कधीही मिसळू नयेत.

पायरी सहावी: इंजेक्शन देणे

रुग्णाला त्याचे पूर्ण नाव सांगायला सांगावे आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहावे. ‘तुम्ही अमुक ना?’ असे विचारले तर गुंगीतला रुग्ण कशालाही हो म्हणतो.

शिरेतून देताना प्रथम २ ते ५ मिली नॉर्मल सलाइन ढकलून कॅन्युला सुरळीत चालते का ते पाहावे. जागा सुजली, दुखली किंवा लाल दिसली तर ती कॅन्युला काढावी. १ ग्रॅमचा डोस घड्याळाकडे पाहत सुमारे ५ मिनिटांत द्यावा. ही ५ मिनिटे फार लांब वाटतात आणि मनातल्या मनात मोजलेली तर हटकून दोनच भरतात. २ ग्रॅमसारखा मोठा डोस सलाइनमध्ये मिसळून किमान ३० मिनिटे चालवणे बरे, आणि नवजात बाळाला द्यायचाच असेल तर ६० मिनिटे. शेवटी पुन्हा सलाइनने फ्लश करावे, नाहीतर डोसचा शेवटचा भाग नळीतच राहतो.

स्नायूत देताना मोठा स्नायू निवडावा: प्रौढांत नितंबाचा कंबरेकडील बाजूचा भाग किंवा मांडीची बाहेरील बाजू, लहान मुलांत मांडीच. नितंबाच्या आतल्या-खालच्या भागात सायटिक नस (पायाकडे जाणारा मोठा मज्जातंतू) जाते, म्हणून तिथे टोचू नये. एका जागी १ ग्रॅमपेक्षा जास्त देऊ नये. सुई ९० अंशांत घालावी आणि दट्ट्या थोडा मागे ओढून पाहावा. लसीकरणात ही कृती आता आवश्यक मानत नाहीत, पण लिडोकेन मिसळलेल्या औषधात ती सोडू नये. सिरिंजमध्ये रक्त आले तर सुई काढून नवे औषध भरावे.

सुईला टोपी परत बसवू नये. ती सरळ, हाताशी ठेवलेल्या धारदार वस्तूंच्या डब्यात टाकावी, आणि तो डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करावा.

पायरी सातवी: पहिला अर्धा तास

पहिल्या डोसनंतर किमान अर्धा तास रुग्ण नजरेच्या टप्प्यात असावा. गंभीर रिॲक्शन बहुधा काही मिनिटांतच सुरू होते. तळहात खाजणे, अंगावर गांधी, आवाज घोगरा होणे, सतत खोकला, उलटी, घाम आणि ‘मला काहीतरी होतंय’ असे घाबरून म्हणणे यांपैकी काहीही दिसले तर औषध तात्काळ बंद करावे, कॅन्युला मात्र जागीच ठेवावी आणि मदतीला हाक मारावी.

श्वास अडखळत असेल किंवा रक्तदाब कोसळत असेल तर पहिले औषध ॲड्रेनालिन, आणि तेही स्नायूत. १ मिलीमध्ये १ मिलिग्रॅम असलेल्या अँप्यूलमधून प्रौढाला ०.५ मिली मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या बाजूला द्यावे; मुलांना किलोमागे ०.०१ मिली, पण ०.५ मिलीच्या वर नाही. फरक पडला नाही तर ५ मिनिटांनी पुन्हा देता येते. रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच करावेत, धाप लागत असेल तर पाठीला आधार द्यावा, पण एकदम उभे करू नये किंवा चालवू नये. ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन ही ॲलर्जीवरची इतर औषधे शोधण्यात जी दोन मिनिटे जातात, तीच जीवघेणी ठरू शकतात. ती औषधे नंतरची आहेत. ॲड्रेनालिनचे अँप्यूल, सिरिंज, ऑक्सिजन आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) जागेवर आहेत याची खात्री सेफ्ट्रायॲक्सोनची व्हायल फोडण्याआधी करावी.

पुढचे दिवस

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परिचारिकेचे लक्ष सुटते, पण काही त्रास तेव्हाच सुरू होतात. दिवसातून अनेकदा पातळ जुलाब, पोटात उजवीकडे दुखणे, लघवी गडद होणे किंवा एकाएकी फिकटपणा आणि कावीळ दिसल्यास डॉक्टरांना त्याच पाळीत कळवावे. पित्ताशयात या औषधाचा गाळ साठून खड्यासारखा दिसू शकतो. औषध थांबवल्यावर तो बहुधा विरून जातो.

डोस चुकला तर तो लक्षात आल्याबरोबर कळवावा, आणि पुढच्या वेळी दुप्पट देऊन भरपाई करू नये. कमी मात्रेत सापडलेले जंतू मरण्याऐवजी निर्ढावतात, हा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानात पेनिसिलिनबद्दल दिला होता. तितकेच चुकीचे आहे ते गरज संपल्यावरही इंजेक्शन चालू ठेवणे. ४८ ते ७२ तासांनी कल्चरचा अहवाल आला का, ताप उतरला का, रुग्ण तोंडाने खातो-पितो का हे पाहून राउंडच्या वेळी ‘गोळीवर बदलायचे का?’ असे डॉक्टरांना विचारावे. हा प्रश्न परिचारिकेने विचारू नये असे कुठेही लिहिलेले नाही, आणि बऱ्याचदा तो दुसरे कुणी विचारतही नाही.

प्रत्येक डोसनंतर वेळ, मात्रा, मार्ग, जागा आणि व्हायलचा बॅच क्रमांक लिहून सही करावी. द्यायच्या आधी सही करून ठेवू नये. मध्येच हाक आली तर तो डोस कागदावर दिलेला आणि प्रत्यक्षात राहिलेला असतो. गोळी सुरू झाल्याचा आदेश आला की कॅन्युला ‘असू दे, लागेल’ म्हणून तशीच न ठेवता डॉक्टरांना विचारून त्याच पाळीत काढावी, जागेवर कोरडा बोळा दाबून धरावा आणि काढल्याची वेळ केसपेपरवर टाकावी.